‘पोटासाठी बाटले’ म्हणणाऱ्यांना उत्तर

पाथरीत आणि एकूणच परभणी जिल्ह्यात एक मांडणी व्याख्यानांतून, पारावरच्या गप्पांतून, मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या आठवणी निघाल्या की त्यांच्या जोडीने पुन्हा पुन्हा ऐकू येते. ती अशी: इंग्रजांच्या काळातला बिशप म्हणजे झगा घातलेला कलेक्टर. त्याने उभारलेल्या शाळा, बोर्डिंगं, दवाखाने, चर्चं ही साम्राज्याची ठाणी. तिथे जी गोरगरीब माणसं गेली ती पोटासाठी बाटली, आणि म्हणून त्यांनी जे काही उभं केलं ते आपलं नाही, परक्याचं आहे.

या मांडणीचा पहिला भाग बराचसा खरा आहे. मी तो मान्य करतो, आणि मांडणारे सांगतात त्यापेक्षा जास्त पुराव्यानिशी मान्य करतो. दुसरा भाग खोटा आहे. आणि पहिल्या खऱ्या भागाच्या आडून हा दुसरा खोटा भाग गळी उतरवला जातो, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

आधी जे खरं आहे ते. १८१३ च्या सनदी कायद्याने कलकत्त्याला बिशप नेमला गेला. १८३३ च्या कायद्याने मद्रास आणि मुंबईलाही बिशप मिळाले. मुंबईच्या बिशपचा पगार कायद्यातच लिहिलेला होता, वर्षाला २४,००० सिक्का रुपये, आणि तो हिंदुस्थानच्या महसुलातून द्यायचा होता. म्हणजे १८३७ साली मुंबईचा पहिला बिशप होऊन आलेल्या टॉमस कारचा पगार ज्या तिजोरीतून निघाला, त्या तिजोरीत दख्खनच्या कुणब्याचा शेतसारा होता. ज्याने आयुष्यात चर्चची पायरी पाहिली नाही, त्याच्या ज्वारीवर बिशपचं घर चाललं. सरकारात धर्मखातं नावाचं एक खातंच होतं. त्याचे पाळक सरकारी नोकर, त्यांचं मुख्य काम छावण्यांतल्या गोऱ्या शिपायांची आणि साहेबांची लग्नं, बारशी, दफनं. कुलाब्याचं अफगाण चर्च १८५८ साली मुंबईचा बिशप हार्डिंग याच्या हस्ते अर्पण झालं. ते पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्यांचं स्मारक आहे. अशी वास्तू राज्याची असते, धर्म तिथे पाहुणा असतो. यावर माझा कुणाशी वाद नाही.

आपल्या भागात तर हे आणखी स्पष्ट होतं. हैदराबाद कंटिंजंट नावाच्या फौजेच्या छावण्या औरंगाबादला, जालन्याला, हिंगोलीला आणि मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला होत्या. हिंगोली तर १९९९ पर्यंत आपल्याच परभणी जिल्ह्यात होती. या फौजेचा खर्च निजामाच्या गळ्यात, हुकूम इंग्रजांचा. खर्चाची थकबाकी साठली म्हणून १८५३ साली वऱ्हाड निजामाच्या हातून काढून घेतला गेला. अशा छावणीत चर्चची घंटा वाजली तर ती ऐकणाऱ्या गावकऱ्याला बिशप आणि इंग्रज रेसिडेंट वेगळे का वाटावेत? नाहीच वाटले, आणि त्यात त्याची चूक नव्हती. हिंदुस्थानातलं अँग्लिकन चर्च इंग्लंडच्या चर्चपासून कायद्याने वेगळं झालं ते १९२७ च्या कायद्यानुसार, आणि प्रत्यक्षात १ मार्च १९३० ला. तोवर मुंबईच्या बिशपवर ‘सरकारी माणूस’ हा शिक्का मारणाऱ्याला मी खोटं पाडणार नाही.

या बिशपांच्या हुकमतीची चव आपल्यापैकी एका बाईने घेतली होती. पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडमधल्या वाँटेजच्या मठात राहत असताना बाप्तिस्मा घेतला आणि मग त्या चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात शिकायला आणि संस्कृत शिकवायला गेल्या. इंग्रज तरुणांनाही त्यांनी संस्कृत शिकवावं असा विचार पुढे आला, तेव्हा लाहोरचा बिशप फ्रेंच आणि मुंबईचा बिशप माइल्न या दोघांनी आडकाठी घातली. बाईने पुरुषांना शिकवलं तर हिंदुस्थानात परतल्यावर तिचं वजन राहणार नाही, असं त्यांचं म्हणणं. रमाबाई भडकल्या. त्यांनी कॉलेजच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांना आणि मठातल्या सिस्टर जेराल्डिनना जी पत्रं लिहिली, ती आज छापलेली आहेत आणि ज्याला वाटतं की ख्रिस्ती झालेला माणूस बिशपच्या मुठीत गेला, त्याने ती एकदा वाचावीत. आपण आपल्या देशात पुरुषांसमोर शास्त्रार्थ केला आहे, तेव्हा कुणी अडवलं नाही, आणि इथे दोन बिशप कोण अडवणारे, असा त्यांचा सूर आहे. ख्रिस्तावर श्रद्धा ठेवली म्हणजे सद्सद्विवेक बिशपकडे गहाण टाकला असं होत नाही, हे त्यांनी ठणकावून सांगितलं. पुढे १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, मग केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, आणि यातलं काहीही त्यांनी कुठल्या बिशपच्या ताब्यात दिलं नाही.

मी रमाबाईंचं उदाहरण मुद्दाम आधी ठेवलं. या मांडणीत एक गृहीत दडलेलं आहे: गोरा बिशप सांगणार आणि काळा ख्रिस्ती मान डोलावणार. ते गृहीत १८८० च्या दशकातच एका मराठी बाईने मोडून काढलं होतं.

आता दुसऱ्या भागाकडे येतो. पाथरी मुंबईच्या इलाख्यात नव्हती. ती निजामाच्या राज्यात होती, १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत. तेव्हा आपल्याला बिशपांचा हिशोब मांडायचा असेल तर मुंबईच्या माइल्नपाशी थांबून चालणार नाही. आपल्याच राज्यात, तेलंगणाच्या बाजूला, वरंगळच्या पुढे सिंगरेणीच्या कोळशाचा फाटा जिथे फुटतो त्या डोर्नकलला, जो बिशप बसला त्याचा हिशोब मांडावा लागेल. त्याचं नाव वेदनायगम सॅम्युएल अझरया. हिंदुस्थानातला पहिला देशी अँग्लिकन बिशप. ही मांडणी करणाऱ्या एकाही वक्त्याच्या तोंडून मी हे नाव ऐकलेलं नाही.

अझरया १८७४ साली तिरुनेलवेली भागातल्या वेल्लालनविळै या खेड्यात जन्मला. बाप खेड्यातला पाळक. तरुणपणी वायएमसीएचं काम करत तो दक्षिणेत हिंडला. १९०३ साली तिरुनेलवेलीच्या ख्रिस्त्यांनी आपल्या पैशाने, आपली माणसं पाठवण्यासाठी एक मिशनरी संस्था काढली, ती काढणाऱ्यांत तो होता. १९०५ च्या नाताळात सेरामपूरला राष्ट्रीय पातळीवरची तशीच संस्था निघाली, तिच्यातही तो होता. ही संस्था परदेशी पैशावर नाही, देशी माणसांच्या देणगीवर आणि देशी माणसांच्या हाती चालेल, असं तिचं तत्त्व होतं. ज्या वर्षी बंगालमध्ये स्वदेशीची चळवळ पेटली त्याच वर्षाची ही गोष्ट. १९०९ साली अझरया पाळकपदाची दीक्षा घेऊन डोर्नकलला आला तो लंडनच्या सोसायटीचा माणूस म्हणून नाही, तिरुनेलवेलीच्या तमिळ शेतकऱ्यांनी, शिक्षकांनी आणि बाजारकऱ्यांनी पाठवलेला माणूस म्हणून. नवी भाषा, नवा मुलूख, निजामी अंमल. तेलुगू त्याला येत नव्हती, ती तो तिथे शिकला.

यावर आक्षेप ठरलेला आहे. म्हणतात, तो तर इंग्रजांनी पुढे केलेला देशी मुखवटा. मद्रासचा बिशप व्हाइटहेड त्याच्या पाठीशी होता, २९ डिसेंबर १९१२ ला त्याची दीक्षा कलकत्त्याच्या कॅथेड्रलमध्ये झाली, इंग्रज बिशपांच्या हातून. सगळं खरं. पण मुखवट्याने काय बोलायचं असतं हे ठाऊक असलेल्यांनी त्याचं १९१० चं एडिनबराचं भाषण पाहावं. जगभरच्या प्रोटेस्टंट मिशनांची ती परिषद, समोर पंचक्रोशीतले नव्हेत तर अख्ख्या पाश्चात्त्य मिशनचे कर्तेधर्ते बसलेले, आणि पस्तीस वर्षांचा हा माणूस उभा राहून त्यांना सांगतो की तुम्ही आम्हाला तुमचा पैसा दिलात, तुमची माणसं दिलीत, तुमचे जीवही दिलेत, पण बरोबरीची मैत्री दिली नाहीत, आता ती द्या. सभागृहात खळबळ उडाली. हिंदुस्थानातल्या गोऱ्या मिशनऱ्यांतले काही जण तर चिडलेच. आणि देशी माणूस बिशप होणार, त्याच्या हाताखाली युरोपियन पाळक काम करणार, हा विचार छावण्यांतल्या आणि क्लबांतल्या साहेबांना पचणारा नव्हता. सुरुवातीला त्याला दिलेला धर्मप्रांतही छोटा होता. तो पुढे वाढला, कृष्णा जिल्ह्याच्या बाजूचा ब्रिटिश मुलूख त्यात आला. ज्याला साहेबांनी मुखवटा म्हणून निवडलं, त्याच्यावर साहेबच का नाराज झाले याचं उत्तर कुणी देत नाही.

तो काँग्रेसवाला नव्हता, हेही खरं. इंग्रज राज्य उद्याच जावं असं म्हणणाऱ्यांत तो नव्हता. पण १९३२ च्या जातीय निवाड्याने ख्रिस्त्यांना वेगळे मतदारसंघ देऊ केले, तेव्हा ते नको म्हणणाऱ्यांत तो होता. ख्रिस्त्यांनी देशापासून वेगळा गट करून बसू नये असं त्याचं मत होतं. साम्राज्याच्या दलालाने हे करायला नको होतं.

आता त्याने उभारलं काय, ते पाहू. गावोगावी शाळा, शिक्षक तयार करणारं केंद्र, पाळकांची पाठशाळा, सहकारी पतसंस्था, दवाखाने, छापखाना. या पाठशाळेची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. खेड्यात जाणाऱ्या माणसाला एकट्याला शिकवून पाठवायचं नाही, बायकोसकट शिकवायचं. कुटुंब तिथे येऊन राहायचं. बायकाही लिहायला-वाचायला शिकायच्या आणि गावात गेल्यावर बायकांच्या घोळक्यात त्या शिक्षक असायच्या. अझरयाची बायको अन्बू ही स्वतः दक्षिणेतल्या कॉलेजात शिकलेल्या पहिल्या ख्रिस्ती स्त्रियांपैकी एक. बायकांचं काम तिने उभं केलं. १९३० च्या दशकात या धर्मप्रांतात दोन लाखांवर ख्रिस्ती होते, शंभरावर देशी पाळक होते आणि दोन हजारांच्या आसपास खेड्यातले शिक्षक. त्यातले बहुतेक माला आणि मादिगा, म्हणजे आपल्याकडच्या महार आणि मांगांच्या जागी तिकडे असलेले लोक. दोन हजार शिक्षक! ज्या राज्यात पाथरीच्या पोराला पुढचं शिकायचं तर उर्दूतून शिकावं लागत होतं, उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघालं तेही उर्दूत, सभा घ्यायची तर सभांवर बंधन घालणारं गश्ती निशाण ५३ आडवं यायचं, त्याच राज्याच्या दुसऱ्या टोकाला मादिगांची पोरं मादिगा मास्तराकडे तेलुगूत अक्षरं गिरवत होती. मराठवाड्यात मराठी शाळा टिकवण्यासाठी आपल्या लोकांनी ज्या खस्ता खाल्ल्या, त्यांचा अभिमान मला आहे. म्हणूनच डोर्नकलच्या त्या शाळांना परकं म्हणताना जीभ अडखळायला हवी असं मला वाटतं.

पैसा कुठून आला? इंग्लंडहून येत होता, सोसायट्यांची ग्रँट येत होती. हे लपवायचं कारण नाही. पण अझरयाने आयुष्यभर धरलेला हट्ट असा की चर्च उभं राहायचं तर त्याच्या माणसांच्या देण्यावर राहिलं पाहिजे. यावर त्याने पुस्तकही लिहिलं. पद्धत साधी होती. घरची बाई तांदूळ शिजत घालताना त्यातले मूठभर बाजूला एका मडक्यात टाकायची. रविवारी ते मडकं चर्चमध्ये यायचं. कुणी अंडी आणायचं, कुणी कोंबडी, कुणी भाजी. सुगी झाली की धान्याच्या राशी यायच्या. हे वाचताना मराठी माणसाला कर्मवीर भाऊराव पाटलांचा मुष्टिफंड आठवल्याशिवाय राहणार नाही. साताऱ्याच्या बोर्डिंगातल्या पोरांसाठी घरोघरच्या बायका मूठ मूठ धान्य काढून ठेवत होत्या. ती मूठ आपली, आणि डोर्नकलच्या मादिगा बाईची मूठ साम्राज्याची? जी बाई स्वतःच्या पोटातून मूठभर काढून देते तिला ‘पोटासाठी बाटली’ म्हणायचं, हे कुठल्या न्यायात बसतं?

डोर्नकलचं कॅथेड्रल याच पैशाच्या ओढाताणीत पंचवीसेक वर्षं रखडलं. मध्ये पहिलं महायुद्ध आलं, मग मंदी आली. ते ६ जानेवारी १९३९ ला अर्पण झालं. त्याकडे बघितलं की इंग्लंडची आठवण येत नाही. वर घुमट आहेत, कोपऱ्यांना मिनार आहेत, जे पाहून हैदराबादचा माणूस ओळखीचं काही पाहिल्यासारखा थांबेल. आत दगडी खांब आहेत ते देवळाच्या मंडपातले वाटावेत असे, त्यांवर कमळं कोरलेली, धोतऱ्याची फुलं कोरलेली. धोतरा विषारी, मरणाची खूण. कमळातून क्रूस वर येतो. अझरयाला हेच हवं होतं: हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती कारागिरी एका छताखाली. मुंबईच्या अफगाण चर्चशेजारी हे चित्र ठेवा. एकाला इंग्लंडहून उचलून आणलेलं टोकदार शिखर, भिंतीवर लढाईत पडलेल्यांची नावं. दुसऱ्यात दख्खन. दोन्हीकडे अँग्लिकन बिशपच होता. ‘बिशपांची चर्चं’ म्हणून दोन्ही एकाच पोत्यात भरणाऱ्याने दोन्ही पाहिलेली नाहीत.

आता पोटाचा मुद्दा, कारण सगळा विखार तिथे आहे.

पाथरीच्या माणसाने तर हा मुद्दा काढण्याआधी आपल्याच गावाचा इतिहास आठवावा. अहमदनगरच्या निजामशाहीचं मूळ पाथरीत आहे. इतिहासकार फिरिश्ता सांगतो की निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याचा बाप हसन हा मूळचा ब्राह्मण, तिमाभट, बहमनींच्या स्वारीत पकडला गेला आणि मुसलमान झाला. त्याचे पूर्वज पाथरीचे वंशपरंपरागत कुलकर्णी. पुढे बुऱ्हाण निजामशहा पाथरीसाठी वऱ्हाडच्या इमादशाहीशी लढला, १५१८ साली त्याने पाथरी घेतली, हातची गेली तेव्हा पुन्हा घेतली, आणि ती आपल्या ब्राह्मण भाऊबंदांना दिली, असंही फिरिश्ता लिहितो. ही गोष्ट आपण गावात अभिमानाने सांगतो. पाथरीच्या कुलकर्ण्याच्या पोराने राज्य स्थापलं म्हणून सांगतो. साईबाबा पाथरीचे की नाहीत यावर २०२० च्या जानेवारीत शिर्डी बंद झाली तेव्हा आपण सगळे एकजात पाथरीच्या बाजूने उभे होतो, आणि फकिराच्या घरी वाढलेला भुसारींचा मुलगा ही कथा आपल्याला जराही खुपत नाही. मग कुलकर्ण्याचं धर्मांतर झालं की तो इतिहास, आणि मादिग्याचं धर्मांतर झालं की ते पोट? हा फरक धर्माचा नाही. हा जातीचा फरक आहे.

आणि पोट म्हणजे काय? १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात नगर जिल्ह्यातल्या महारवाड्यांतून माणसं मिशनकडे गेली हे खरं आहे. तेव्हा गावचा वतनदार कुठे होता, देवळाचं अन्नछत्र महारवाड्याच्या वेशीपर्यंत आलं होतं का, हे प्रश्न कुणी विचारत नाही. उपाशी माणसाने अन्न घेतलं ही त्याची लाचारी म्हणायची, आणि ते अन्न त्याला दुसऱ्या कुणीच का दिलं नाही याबद्दल गप्प बसायचं, ही मला सगळ्यात मोठी बेइमानी वाटते. पुण्यात १४ ऑक्टोबर १८९० ला पंचहौद मिशनमध्ये प्रतिष्ठित मंडळींनी चहा घेतला. टिळक होते, रानडे होते. एक कप चहा. त्यावरून ग्रामण्य झालं, शंकराचार्यांकडे प्रकरण गेलं, प्रायश्चित्तं झाली. ज्या समाजात ब्राह्मणाने मिशनमधला एक कप चहा घेतला म्हणून वर्षानुवर्षं वाद चालला, त्या समाजाने ज्याला विहिरीवर पाणी मिळत नव्हतं त्याला विचारावं की तू तिकडे का गेलास?

डोर्नकलकडे पोटाचा हिशोब उलटा पडतो. अझरयाच्या प्रांतात बाप्तिस्मा घेणाऱ्याला ताडी सोडावी लागे, मेलेल्या जनावराचं मांस सोडावं लागे. मादिग्याच्या तुटपुंज्या ताटातून आणखी काहीतरी कमीच होत होतं. मेलेल्या जनावराचं मांस सोडा, हेच बाबासाहेबांनी १९२७ च्या महाड परिषदेत आपल्या लोकांना सांगितलं. महाडच्या उपदेशाला आपण स्वाभिमान म्हणतो, आणि म्हणायलाच हवं. डोर्नकलच्या मादिग्याने तोच निर्णय घेतला तर त्याचं नाव बदलत नाही. आणखी एक गोष्ट: १९३० च्या दशकात तेलुगू मुलखात वरच्या जातीतले शेतकरीही या चर्चमध्ये येऊ लागले. पिकेट नावाच्या मेथडिस्ट मिशनऱ्याने १९३३ साली या सामूहिक धर्मांतरांचा अभ्यास छापला, त्यात हे आहे. मालवाड्यातल्या माणसांचं राहणं बदललेलं पाहून ते आले. जमीन असलेल्या, बैल असलेल्या त्या शेतकऱ्यांना कुठल्या बिशपच्या तांदळाची गरज होती?

दलिताला स्वतःचा धर्म निवडण्याइतकी समज नसते, हे मत केवळ गावगप्पांचं नाही. गांधीजींबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, १९३६ साली मिशनरी पुढारी जॉन मॉट यांच्याशी बोलताना त्यांनी गाईला शुभवर्तमान सांगाल का, असा सवाल केला आणि काही अस्पृश्यांची समज त्याहून कमी असल्याचं म्हटलं. ते ‘हरिजन’मध्ये छापलं गेलं. अझरयाशीही गांधीजींचा याच प्रश्नावर मतभेद होता. एक वर्ष आधी, १३ ऑक्टोबर १९३५ ला, येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं होतं. म्हणजे ज्यांना समज नाही असं म्हटलं जात होतं, त्यांच्यातला सगळ्यात मोठा विद्वान समजून-उमजून दार उघडून उभा होता. ‘पोटासाठी बाटले’ म्हणणारा आज कळत नकळत त्या गाईच्या दाखल्याच्याच बाजूला जाऊन बसतो. आणि तोच माणूस १४ एप्रिलला मिरवणुकीत निळा फेटा बांधून पुढे असतो, याचा मला राग येतो.

अझरयाच्या कामात दोष होते, आणि खरी टीका करायची तर तिथे करावी. माला आणि मादिगा एकाच चर्चमध्ये आले, पण एकमेकांच्या पंक्तीला बसायला कित्येक गावांत तयार नव्हते. जात चर्चच्या दारातून आत शिरली आणि तिथेच मुक्कामाला राहिली. अझरयाने त्याच्याशी झगडा केला, ती हटली नाही. बाबासाहेबांनी ख्रिस्ती झालेल्या दलितांच्या स्थितीवर लिहिताना हाच दोष मांडला: धर्म बदलला, जात आत तशीच राहिली, आणि चर्चने त्या जातीविरुद्ध लढण्याऐवजी तिच्याशी जुळवून घेतलं. ही टीका मी मान खाली घालून ऐकेन. चर्चमधल्या जातीबद्दल, बिशपांच्या घराभोवती साठत गेलेल्या अधिकाराबद्दल, मिशनच्या जमिनी पुढच्या पिढ्यांनी कशा विकल्या याबद्दल जो प्रश्न विचारेल त्याच्या शेजारी मी बसेन. तो प्रश्न विचारणारा माणूस त्या मंडळीला आपलं मानून विचारतो. साम्राज्याचं ठाणं म्हणून हात झटकणाऱ्याला हा प्रश्न विचारायचाच नसतो.

आणि शेवटी पोटाचाच हिशोब करायचा असेल तर तो आजच्या कागदावर करू. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना दिला. १९५६ साली तो शिखांना मिळाला, १९९० साली बौद्धांना. ख्रिस्ती झालेल्या महाराला, मांगाला, मालाला, मादिगाला तो आजही नाही. अनुसूचित जातीचं नोकरीतलं आरक्षण नाही, राखीव मतदारसंघ नाही, शिष्यवृत्तीत तीच अडचण. गावात वागणूक जुन्या जातीचीच, आणि सवलत मागायला गेलं की तू ख्रिस्ती. या प्रश्नाचा विचार करायला सरकारने २०२२ साली माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग नेमला. अझरया १ जानेवारी १९४५ ला गेला. त्याने ज्यांना बाप्तिस्मा दिला त्यांची नातवंडं-पतवंडं १९५० पासून या दर्जाशिवाय जगताहेत. हिंदू म्हणून दाखला काढला असता तर मिळालं असतं ते सगळं सोडून, आपल्या नावापुढे ख्रिस्ती लिहून, ती रविवारी त्याच घुमटाखाली बसतात. पोटासाठी बाटलेल्या माणसाला हे सगळं सोडायला कुणी सांगितलं, याचं उत्तर पुढच्या व्याख्यानात मला हवं आहे, आणि ते पाथरीत, चारचौघांत हवं आहे.